दोन बोटं, वीस टक्के

माझ्या रोजच्या कामात एक तक्ता येतो. पुण्यात मी ज्या टीममध्ये आहे ती पगाराचं सॉफ्टवेअर बनवते. हजेरी, पीएफ, टीडीएस, बोनस, सगळं. त्यात खोल कुठेतरी पन्नास ओळींची एक यादी आहे. डावीकडे वय, उजवीकडे आकडा. १६ वर्षांसमोर २२८.५४. तिशीला २०७.९८. पन्नाशीला १५३.०९. ६५ आणि त्यापुढे ९९.३७. कोड लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ कळायची गरज नसते. वय द्या, आकडा घ्या, गुणा, पुढे चला.

अर्थ असा आहे. माणूस कामावर असताना मेला, तर त्याच्या महिन्याच्या पगाराच्या ५० टक्क्यांना या आकड्याने गुणायचं. कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ६० टक्क्यांना. तरुणाची कमाईची वर्षं जास्त उरलेली, म्हणून त्याचा आकडा मोठा. पण १६ वर्षांच्या पोराचे २२८ महिने म्हणजे जेमतेम १९ वर्षं. पैसे एकरकमी मिळणार, त्यावर व्याज येणार, म्हणून पुढचं आयुष्य आधीच आक्रसून मोजलेलं आहे.

याच्या शेजारी दुसरी एक यादी असते, अवयवांची. हाताचा अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधलं बोट, १२. करंगळी किंवा अनामिका, ७. एका हाताची दोन बोटं गेली, २०. तीन गेली, ३०. चारही गेली, ५०.

मी थांबले ती 'दोन बोटं' या ओळीवर. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आरामशीनवर कामाला होते. १९९८ मध्ये, तिशीत असताना, सागाचं लाकूड पात्यापुढे सरकवताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पगार तेव्हा महिना दीड हजार. त्या वेळच्या कायद्याने हिशेब करा: १,५०० चे ६० टक्के ९००, गुणिले २०७.९८, त्याचे २० टक्के. ३७,४३६ रुपये होतात. म्हणजे दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. त्यांना मिळालं काय, तर दवाखान्याचा खर्च, वर दोन हजार रुपये, आणि हात बरा झाल्यावर त्याच आरामशीनच्या फाटकावर चौकीदारी. एका कागदावर 'माझी काही तक्रार नाही' म्हणून सही घेतली गेली. मालक वाईट नव्हता, असं घरात आजही म्हणतात. दिवाळीला मिठाई यायची.

का मागितले नाहीत पैसे, असं विचारलं तर मोठे बाबा म्हणतात, "चूक माहीच होती ना बापा. लाकूड मीच सरकवलं. मालकाले कोणत्या तोंडानं मागू?"

हे वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. मी या कामात आहे हे कळल्यापासून बल्लारपूर, राजुरा, मूल इकडून ओळखीतल्यांचे फोन येतात, आणि सुरुवात बहुतेक याच वाक्याने होते. म्हणून आधी त्याचाच इतिहास बघू.

चुकीचा हा हिशेब इंग्लंडमधून आला. १८३७ मध्ये तिथे प्रीस्टली विरुद्ध फाउलर असा एक खटला झाला. खाटकाकडे काम करणारा पोरगा जास्त भरलेल्या गाडीवरून पडला, जायबंदी झाला, आणि मालकावर दावा लावला. न्यायालयाने अखेर पोराच्या विरुद्ध निकाल दिला. त्यातून पुढे एक तत्त्व घट्ट झालं: सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण कामाचा धोका कामगाराने नोकरी धरतानाच पत्करलेला असतो. स्वतःची चूक असेल तर बोलायलाच नको. आता कारखान्यात अपघात म्हटला की कोणाची ना कोणाची चूक असतेच: त्याची स्वतःची, नाहीतर शेजारच्याची. मालकाची चूक दाखवायची तर वकील पाहिजे, साक्षीदार पाहिजे, आणि साक्षीदार त्याच मालकाकडे कामाला.

याला पहिला मोठा छेद जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८४ च्या अपघात विमा कायद्याने दिला. इंग्लंडमध्ये १८९७ चा कायदा आला. दोन्हींनी प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारायचं नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का, एवढंच विचारायचं. यंत्र झिजतं तेव्हा दुरुस्तीचा खर्च कोणाच्या चुकीने झिजलं हे न विचारता धंद्याच्या खात्यात पडतो. माणसाच्या हाताचाही तसाच पडावा, असा तो विचार. 'यंत्रासारखा माणूस' म्हटलं की आपल्याला राग येतो, पण इथे माणसाचा फायदा यंत्राच्या बरोबरीला आणल्यामुळेच झाला.

याच काळात आमच्याकडे काय चाललं होतं? वरोरा आज आनंदवनामुळे माहीत असतं. त्याआधी ते कोळशामुळे माहीत होतं. तिथली सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये खाण बंद पडली. पुढचा कोळसा बल्लारपूरने दिला. म्हणजे वरोऱ्याच्या खाणीचं अख्खं आयुष्य भरपाईच्या कायद्याविना गेलं. १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण तो फक्त मृत्यूपुरता, आणि त्यातही दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. १९०१ चा खाण कायदा आला तेव्हा मोठे अपघात सरकारला कळवणं भाग पडलं. अपघात वहीत चढू लागला, घरी मात्र काही येत नव्हतं.

५ मार्च १९२३ ला कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला एक मराठी माणूस होता, ना. म. जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, मुंबईत १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. शाळेत आपल्याला टिळक-गोखले-आगरकर पाठ असतात, जोशी बहुतेकांना मुंबईतल्या ना. म. जोशी मार्गावरून माहीत असतात. मला हे जरा लागतं.

१९२३ च्या कायद्यातले आकडे आज वाचताना विचित्र वाटतात. प्रौढ कामगार मेला तर ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचा पूर्ण निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५००, पुन्हा जे कमी ते. अल्पवयीन पोर मेलं तर सरसकट २०० रुपये. पहिले दहा दिवस काम बुडालं तर काही नाही. (ते पुढे सात झाले, मग तीन.) आजच्या तक्त्यात सोळा वर्षांच्या मुलाचा आकडा सगळ्यात मोठा आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी अल्पवयीन मुलाचा हिशेब सगळ्यात लहान होता. त्याचा तेव्हाचा पगार धरायचा की त्याचं पुढचं आयुष्य, यावर मत बदलायला सहा दशकं लागली. वयाचा तक्ता १९८४ च्या दुरुस्तीने आला.

पण मोठ्या बाबांच्या वाक्याचं उत्तर १९२३ मध्येच दिलं गेलं होतं. निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण नाही. मालकाला सुटका फक्त ठरावीक ठिकाणी: कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, आणि त्यामुळेच अपघात झाला. आता तर कामगार मेला असेल किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला असेल, तर या सबबीही चालत नाहीत. लाकूड सरकवताना हात पुढे गेला, हे यात कुठेच बसत नाही. १९९८ मध्ये हा कायदा ७५ वर्षांचा होता. आरामशीनवर तो कोणी सांगितला नव्हता.

ही सांगायची जबाबदारी कोणाची, यावर कायदा फार उशिरा बोलला. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगात ना. म. जोशी सदस्य होते. त्या आयोगानंतर १९३३ मध्ये दुरुस्ती झाली आणि मृत्यूच्या बाबतीत आयुक्ताला अधिकार मिळाला की बातमी कळताच त्याने स्वतःहून मालकाला नोटीस पाठवून खुलासा मागवावा. मेलेल्याची बायको दारात येईपर्यंत थांबायचं नाही. जखमींसाठी असं काही नव्हतं. कामावर ठेवतानाच कामगाराला त्याचे भरपाईचे हक्क लेखी कळवायचे, त्याला समजेल त्या भाषेत, नाहीतर ५० हजार ते एक लाख दंड, हे कलम आलं २०१७ मध्ये. आमच्या कंपनीत मला ते पत्र ईमेलने आलं होतं. आरामशीनवर किती जणांना मिळालं असेल, तुम्हीच विचारून पाहा.

फोनवरचा दुसरा प्रश्न टक्क्यांचा असतो. डॉक्टरने वीस लिहिले, आणि हात तर कामातून गेला, असं कसं? याचं उत्तर गडचिरोलीच्या पूर्वेला, बस्तर ओलांडलं की लागणाऱ्या ओडिशातल्या जयपूर गावात आहे. (राजस्थानचं नव्हे, कोरापूट जिल्ह्यातलं.) तिथे ६ जुलै १९६८ ला एका चित्रपटगृहात काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. यादीप्रमाणे एक हात म्हणजे काही शंभर टक्के नव्हे. पण आयुक्ताने म्हटलं, एका हाताचा सुतार सुतारकाम कसं करणार? त्याच्यापुरतं हे पूर्ण निकामी होणंच आहे. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सुताराची बाजू धरली. शिवाय सांगितलं की पैसे देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही. प्रताप नारायण सिंह देव हे मालकाचं नाव आजही अशा जवळपास प्रत्येक खटल्यात घेतलं जातं. यादीतला आकडा ही खालची पायरी आहे. तो अवयव त्या माणसाच्या धंद्यात काय होता, हा प्रश्न त्याच्या वर असतो.

बाकीचे प्रश्न मी भराभर सांगते, कारण त्यांची उत्तरं सरळ आहेत आणि तरी लोक त्यांच्यापाशीच अडतात. 'तक्रार नाही' म्हणून सही केली असेल तर? हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार या कायद्याखाली रद्दबातल धरला जातो. रक्कम आपसात ठरवली तर त्या कराराची आयुक्ताकडे नोंद व्हावी लागते. मृत्यू झाला असेल तर मालकाने पैसे वारसांच्या हातात न देता आयुक्ताकडेच भरायचे असतात. गावच्या बैठकीत चार लोकांसमोर पाकीट दिलं म्हणजे मालक मोकळा झाला, असं होत नाही. किती दिवसांत दावा करायचा? दोन वर्षांत, आणि उशिराला सबळ कारण असेल तर त्यानंतरही तो घेता येतो. पगाराची पावती नाही? तशाच कामावर त्याच भागात इतरांना काय मजुरी मिळते, ते धरता येतं. मजूर कायम नव्हता, रोजंदारीचा होता? ही पळवाट २००० मध्ये बंद झाली. पैसे महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. उपचाराचा खर्च वेगळा. तो भरपाईतून कापायचा नाही. ज्याच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे त्याला हे सगळं त्या योजनेतून मिळतं, इथून नाही.

आणि कुठे जायचं? हा प्रश्न आमच्याकडे फार मोठा आहे. सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरीकडची माणसं दर हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. अपघात तिकडे होतो, मालक तिकडचा, भाषा तेलुगू. १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा अपघाताच्या ठिकाणीच करायला हवा असं नाही. जखमी माणूस किंवा वारस जिथे राहतो तिथेही तो दाखल करता येतो. प्राणहिता ओलांडून पुन्हा जावं लागत नाही.

कमाल पगार मात्र लक्षात ठेवा. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी १५ हजारांपर्यंतचाच पगार धरला जातो. पस्तिशीतला माणूस कामावर मेला आणि पगार १५ हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४ लाख ७७ हजार ९५०. पन्नास हजार पगार असेल तरी तेवढेच. या आकड्याशी पुढे काम आहे.

एवढं सगळं कागदावर असताना घोडं कुठे अडतं? एक अडचण वेळेची. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा चौकीदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्ताने घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाने ते २०११ मध्ये काढून घेतलं: कामावर जाताना म्हणजे कामावर नव्हे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं. चौकीदार पहाटे तीनला त्या रस्त्यावर होता तो कामामुळेच, वेळ आणि जागा दोन्हींचा कामाशी संबंध स्पष्ट होता, असं म्हणून. बावीस वर्षं. कायद्यात तर दावा तीन महिन्यांत निकाली काढायचा असं २००९ पासून लिहिलेलं आहे. त्या निकालानंतर चार महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्यात घर ते काम हा प्रवास थेट लिहिलेला आहे. टक्के आणि वयाचा तक्ता तेच राहिले. आयुक्ताचं नाव तेवढं 'सक्षम प्राधिकारी' झालं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते, आणि ती आमच्या जंगलाने मला शिकवली.

जुन्या कायद्याला कोणाकोणाला कामगार म्हणायचं याची एक यादी जोडलेली होती. ती वाचायला फार मजा येते. पाणबुडे आहेत, विहीर खोदणारे आहेत, सर्कशीतले आहेत. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला दचकायला लावणाऱ्या ओळी: झाडं तोडणारे आणि ओंडके करणारे, नदीच्या पाण्यातून लाकूड नेणारे, वणवा विझवणारे, आणि हत्ती किंवा इतर रानटी जनावरं पकडण्याच्या कामावरचे. जणू कोणी आलापल्लीच्या विश्रामगृहात बसून लिहिलं आहे. हत्ती म्हटल्यावर कोणाला कमलापूर आठवेल. सिरोंचा वनविभागातला तो हत्ती कॅम्प लाकूड ओढणाऱ्या हत्तींचाच, आता लोक तिथे सेल्फी काढायला जातात. पुढे यादीत शेती, पशुपालन, मासेमारी आणि एकूणच जंगलातली कामं आली. म्हणजे 'जंगलात मजुरी करणाऱ्याला हा कायदा लागू नाही' असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे.

पण भरपाई मागायची कोणाकडे? कामगार सापडला, आता मालक शोधा. आमच्या जंगलाच्या इतिहासात नेमकी हीच जागा पुन्हा पुन्हा धूसर होत गेली आहे.

आधी जंगल सरकारचं आणि कटाई ठेकेदाराची. कूप लिलावात घेतलेला ठेकेदार वेगळा, माणसं आणणारा मुकादम वेगळा. यावर कायद्यात चांगला उपाय होता: ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं जातं, तो मूळ मालकच आधी पैसे देणं लागतो, मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावेत. खुल्या कोळसा खाणींत माती काढायचं काम आऊटसोर्स होतं तिथेही हेच लागू. 'तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस' हे खाणीच्या फाटकावर ऐकायला मिळणारं वाक्य कायद्याने तरी निकामी आहे.

मग ठेकेदार नको म्हणून सहकार आला. मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या, पुढे विदर्भातही पसरल्या. मजूरच सभासद, सभासदच मालक. ठेकेदाराच्या लुटीवर तो खरा उतारा होता. आता झाड अंगावर पडलं तर सभासदाने दावा कोणावर लावायचा? स्वतःच्याच संस्थेवर, जिच्या तिजोरीत त्याचाच भाग आहे? कायद्याने संस्थेवर दावा लावता येतो, पण आपल्याच माणसांविरुद्ध अर्ज करायला मन धजत नाही.

आणि आता ग्रामसभा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये तिथल्या बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हातात आला. आता गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः लिलावात काढतात. ही गोष्ट मला अभिमानाची वाटते, तिच्यात खोट काढायला मी हे लिहीत नाही. पण भरपाईच्या प्रश्नापुरतं बघा. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे जंगलात जाणारी बाई सत्तर पानांचा एक पुडा बांधते, दिवसभराचे पुडे फळीवर मोजून देते आणि शेकड्याच्या दराने पैसे घेते. कागदावर ती पानं गोळा करून देणारी आहे, मजूर नाही. ग्रामसभा म्हणते आम्ही विकणारे, ठेकेदार म्हणतो आम्ही घेणारे. मालक कोणीच नाही.

वाघ आला की हा प्रश्न झाकला जातो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. वन्यप्राण्याने माणूस मारला तर राज्य सरकार २०२३ पासून २५ लाख रुपये देतं. तिथे कामगार कोण, मालक कोण, हे विचारत नाहीत. १८८४ आणि १८९७ च्या कायद्यांनी चुकीचा प्रश्न काढून टाकला होता, या योजनेत नोकरीचाही प्रश्न निघून गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली महिला वनरक्षक वाघिणीने मारली तेव्हा तिच्यासोबत तीन रोजंदारी मजूर होते. त्या चौघांपैकी कोणावरही हल्ला झाला असता तरी नोकरीचे लाभ वेगवेगळे असते, वाघाचे पैसे मात्र सारखे.

पण तीच बाई पानं तोडताना उन्हाने चक्कर येऊन दगडावर पडली, किंवा पानांची बोदं घेऊन निघालेला ट्रॅक्टर उलटून तिचा पाय गेला, तर? वाघाचे २५ लाख. पस्तिशीतल्या पगारी कामगाराचे फार तर १४ लाख ७७ हजार. तिच्यासाठी मात्र आकडा काढायला आधी कोणीतरी 'ती माझ्या कामावर होती' म्हणावं लागतं. कायदा तिच्या बाजूने वापरता येईल असं मला वाटतं: पानं कुठल्या भागातली, कोणत्या तारखांना, कशी बांधायची, कुठे मोजायची, हे सगळं दुसरंच कोणी ठरवत असेल, तर पुड्याच्या दराने पैसे मिळतात म्हणून ती मजूर नाही, हे म्हणणं लंगडं आहे. पण त्यासाठी कोणीतरी तो खटला लढवायला हवा, आणि बावीस वर्षं थांबायची तयारी हवी.

त्याहून जवळचा रस्ता लिलावाच्या करारातून जातो. ग्रामसभा आणि ठेकेदार यांच्यात दर, मुदत, हप्ते लिहिले जातात, तसं अपघाताचं कलमही लिहिता येतं: हंगाम सुरू होण्याआधी फळीच्या वहीतल्या प्रत्येक नावाचा अपघात विमा, हप्ता ठेकेदाराचा. माझी एक वर्गमैत्रीण कोरचीकडची आहे. तिच्या गावच्या ग्रामसभेसाठी आम्ही दोघींनी फोनवर बसून चार ओळींचा मसुदा केला. वहीत नावापुढे वयाचा रकाना नव्हता, तो घालायला सांगितला. सभेत कलम वाचून झालं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, हप्ता आम्ही भरू, पण मग शेकड्याचा दर तेवढा कमी करा. त्यावर बायकांचं अजून ठरलेलं नाही.